मुलांचे गुन्हे, मोठ्यांच्या नोंदवह्या: बाल न्यायाची आकडेवारी माहिती अधिकारातून कशी मागायची

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण जीव घेतले. पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्रभर एकच गोष्ट बोलली जात होती: सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध वगैरे अटी घालून जामिनावर सोडलं. चीड खरी होती. पण आमच्याकडच्या एका बैठकीत एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "आपल्या जिल्ह्यात बाकीच्या मुलांचं काय होतं? मोबाइल चोरणाऱ्याचं, कोयता घेऊन फिरणाऱ्याचं? किती समज देऊन घरी जातात, किती विशेष गृहात, किती प्रकरणं वर्षानुवर्षं पडून असतात?" खोलीत वकील होते, पत्रकार होते, मीही होतो. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर कागदावर असतं आणि दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर मागता येतं. मात्र कुठला कागद कुठल्या टेबलावर आहे हे माहीत नसेल, तर सहा महिने पत्रव्यवहार करून हाती "सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही" एवढी एक ओळ येते. मला ती आली आहे. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सगळं तपशिलात लिहितो आहे.

आधी शब्द नीट करून घ्या

माझ्या पहिल्या अर्जात मी "जिल्ह्यातील बालगुन्हेगारांची यादी" मागितली होती. तो नाकारला गेला, आणि नाकारला गेला ते योग्यच झालं. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही, म्हणजे नाव, पत्ता, शाळा, फोटो, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यादी कुणालाच मिळणार नाही आणि मिळूही नये. सोळाव्या वर्षी केलेली चूक पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या दारात आडवी येऊ नये, म्हणून कायदा मुदतीनंतर ते अभिलेख नष्टही करायला सांगतो.

तुम्हाला हवा आहे तो व्यवस्थेचा हिशेब: किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, काय आदेश झाले, किती वेळ लागला. त्यात कुठल्याही मुलाचं नाव लागत नाही.

दुसरं म्हणजे, कार्यालयांच्या नोंदवहीत "बालगुन्हेगार" हा शब्दच नसतो. तिथे "विधिसंघर्षग्रस्त बालक" असतो. मंडळ म्हणजे "बाल न्याय मंडळ", चौकशीच्या काळात मुलांना ठेवतात ते "निरीक्षण गृह", अंतिम आदेशानंतर पाठवतात ते "विशेष गृह". "बालकल्याण समिती" वेगळी, ती निराधार आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी. तिच्याकडे गुन्ह्यांची आकडेवारी मागितली की "या कार्यालयाशी संबंधित नाही" असं उत्तर येतं, आणि ते खरं असतं.

जे उघड आहे ते आधी बघा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, "क्राइम इन इंडिया" हा वार्षिक अहवाल काढतो. त्यात विधिसंघर्षग्रस्त बालकांवर स्वतंत्र प्रकरण असतं: राज्यवार आणि महानगरवार गुन्हे, वयोगट, शिक्षण, घरची परिस्थिती आणि पकडलेल्या मुलांच्या प्रकरणांचा निकाल. मुंबई, पुणे, नागपूर ही शहरं महानगरांच्या तक्त्यांत सापडतात. 2022 मध्ये देशात विधिसंघर्षग्रस्त बालकांवर 30,555 गुन्हे नोंदले गेले, आदल्या वर्षी 31,170. राज्याच्या पातळीवर पुण्यातला राज्य गुन्हे अन्वेषण विभाग "महाराष्ट्रातील गुन्हे" हा अहवाल तयार करतो. संसदेतल्या आणि विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांतही पुष्कळ आकडे मिळतात आणि त्यांना एक पैसाही लागत नाही.

हे तासाभराचं काम टाळू नका. जे छापलेलं आहे तेच मागितलं, तर अधिकारी संकेतस्थळाचा पत्ता देऊन मोकळा होतो आणि तुमचे तीस दिवस वाया जातात.

छापील अहवालात जे नसतं ते म्हणजे तुमचा जिल्हा आणि तुमचं मंडळ. कुठल्या मंडळात सदस्याची जागा रिकामी होती, कुठल्या प्रकरणांनी चौकशीची चार महिन्यांची मुदत ओलांडली, बाल न्याय अधिनियमाच्या कलम 18 मधला कुठला अंतिम आदेश किती वेळा झाला. अर्ज यासाठी करायचा.

कागद कुठे असतो

संपूर्ण लेखात एवढा भाग दोनदा वाचा, कारण अर्ज फसतात ते इथेच.

पहिलं टेबल पोलिसांचं. प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक आणि प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असणं कायद्याने बंधनकारक आहे. शहरासाठी अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, ग्रामीण भागासाठी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे. इथे एक खाच आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार मुलाविरुद्ध एफआयआर फक्त दोनच परिस्थितींत नोंदवायचा: अपराध निर्घृण स्वरूपाचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा असेल तर, किंवा प्रौढांच्या साथीने केल्याचा आरोप असेल तर. बाकी वेळी स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाकडे पाठवायचा. म्हणजे तुम्ही "मुलांविरुद्ध किती एफआयआर झाले" एवढंच विचारलं, तर किरकोळ चोऱ्यामाऱ्यांचा भला मोठा ढीग हिशेबाबाहेर राहू शकतो. एफआयआर आणि डायरीतल्या नोंदी, दोन्ही वेगवेगळ्या मागा.

दुसरं टेबल बाल न्याय मंडळाचं. एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री, अशी मंडळाची रचना असते. मंडळ न्यायिक काम करतं, त्यामुळे एखाद्या प्रकरणाचे कागद माहिती अधिकारात मागू नका. आकडेवारी मात्र प्रशासकीय बाब आहे. तिच्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय हा दरवाजा बरा पडतो, कारण जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्याच अखत्यारीत असतो. राज्यभराचं हवं असेल तर पुण्याचं महिला व बालविकास आयुक्तालय.

तिसरं टेबल फार कुणाच्या लक्षात येत नाही, ते जिल्हाधिकारी कार्यालयाचं. कलम 16 नुसार मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी मंडळाकडच्या प्रलंबित प्रकरणांचा आढावा घेतो, आणि प्रलंबित प्रकरणांची माहिती मंडळाने दर तिमाहीला मुख्य न्यायदंडाधिकारी आणि जिल्हाधिकारी या दोघांना द्यायची असते. म्हणजे एकच विवरणपत्र किमान तीन ठिकाणी असायला हवं. मंडळाकडून मिळालं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आवकेत शोधा. आणि तिथेही ते नसेल, तर विवरणपत्र पाठवलंच जात नाही ही स्वतःच एक मोठी माहिती आहे, तीही लेखी हाती आलेली.

चौथं टेबल गृहांचं. निरीक्षण गृहात मंजूर क्षमता किती, प्रत्यक्ष मुलं किती, समुपदेशकाचं पद भरलेलं आहे का. कलम 54 नुसार तपासणी समितीने अशा प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट देऊन अहवाल द्यायचा असतो. त्या अहवालांच्या प्रती, मुलांची नावं झाकून, मागता येतात. माझ्या अनुभवात सर्वांत बोलके कागद हेच. मुंबईत डोंगरीच्या निरीक्षण गृहाचं काम चिल्ड्रन्स एड सोसायटी पाहते, 1927 पासूनची ही संस्था आहे, त्यामुळे तिथली माहिती थेट तिच्याकडे मागावी.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे मेरशीचं अपना घर आणि महिला व बालविकास संचालनालय ही दोन ठिकाणं आधी धरा. गोव्याचा स्वतःचा बाल कायदाही आहे, 2003 चा, त्यामुळे कुठली आकडेवारी कुठल्या कायद्याखालची हे अर्जात स्पष्ट लिहा.

अर्ज लिहिणं

महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ठरलेला आहे, जोडपत्र 'अ'. 2012 मध्ये नियमांत बदल झाला, तेव्हापासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच मुभा आहे. पोलीस, मंडळ आणि निरीक्षण गृह एकाच अर्जात कोंबलं, तर पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीचं सोडून देतात. तीन कार्यालयं, तीन अर्ज, तीस रुपये.

प्रश्न "का" ने सुरू करू नका. "प्रकरणं का रखडली?" हा खुलासा झाला, माहिती नाही. माहिती अधिकार अधिनियमात माहिती म्हणजे अभिलेख, अहवाल, नोंदवही, आदेश, परिपत्रक. अस्तित्वात नसलेली माहिती नव्याने तयार करून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून आधीच असलेल्या कागदाचं नाव घेऊन मागा. हा माझा चालणारा मसुदा:

"विषय: बाल न्याय मंडळासमोरील प्रकरणांची आकडेवारी.
कालावधी: 1 जानेवारी 2022 ते 31 डिसेंबर 2024.
आवश्यक माहितीचे वर्णन: (1) बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 16(3) नुसार मंडळाने सादर केलेल्या प्रत्येक तिमाही विवरणपत्राची प्रत. (2) कलम 18 नुसार झालेल्या अंतिम आदेशांची प्रकारनिहाय व वर्षनिहाय संख्या ज्या अहवालात अथवा नोंदवहीच्या गोषवाऱ्यात आहे, त्याची प्रत. (3) उक्त कालावधीत मंडळातील सामाजिक कार्यकर्ता सदस्यांची पदे रिक्त असल्यास त्याचा दिनांकनिहाय तपशील. कोणत्याही बालकाचे नाव, पत्ता, शाळा, पालकांचे नाव वा प्रकरण क्रमांक नको आहे. असा मजकूर असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 10 नुसार तो वगळून उर्वरित भाग द्यावा. माहिती आपल्या कार्यालयाकडे नसल्यास कलम 6(3) नुसार अर्ज वर्ग करून मला कळवावे."

"नको आहे" हे वाक्य कधीही गाळू नका. कारकुनाच्या मनातली निम्मी भीती त्या एका वाक्याने जाते. त्याला कलम 74 ची धास्ती असते, आणि ती असणं बरोबरच आहे.

कलम 18 मधले प्रकार माहीत असले की आलेलं उत्तर वाचता येतं. समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांकडे किंवा योग्य संस्थेकडे सोपवणं, आणि शेवटी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण अपराधाचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या अपराधाचा आरोप असेल, तर खटला प्रौढांसारखा चालवायचा का, याचं कलम 15 नुसार प्राथमिक मूल्यांकन होतं. त्यांतली किती प्रकरणं बाल न्यायालयाकडे गेली, हा स्वतंत्र अर्जाचा विषय करा. सगळ्यांना उत्सुकता याच आकड्याची असते.

दाखल करणं आणि वाट पाहणं

राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावर मंत्रालयातले विभाग आणि बरीच कार्यालयं आहेत. तुमचं कार्यालय यादीत नसेल तर कागदी अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून. हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. कारण विचारलं तर सांगायची गरज नाही, माहिती अधिकार अधिनियमाचं कलम 6(2) तसं म्हणतं. परदेशात राहणारे मराठी लोकही अर्ज करू शकतात, मात्र भारतीय नागरिकत्व हवं.

मुदत तीस दिवसांची. चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनी पाच दिवसांत वर्ग करायचा. प्रतींचे पैसे, पानाला दोन रुपये, भरायला सांगणारं पत्र आलं की लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. तीस दिवस उलटून गेले तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

नकार कसे येतात

"माहिती निरंक." याचा अर्थ शून्य. "उपलब्ध नाही" याचा अर्थ कागद सापडला नाही किंवा ठेवलाच नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि उत्तरात हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकलेले असतात. मला एकदा तीन वर्षांच्या तिमाही विवरणपत्रांबद्दल "निरंक" असं उत्तर आलं. विवरणपत्र पाठवलं नाही, की पाठवलं आणि त्यात प्रलंबित प्रकरणं शून्य होती? अपिलात एवढंच विचारलं आणि सुनावणीच्या दिवशी फाइल सापडली.

"माहिती संकलित स्वरूपात नाही, कार्यालयाची साधनसामग्री वळवावी लागेल." हे माहिती अधिकार अधिनियमाचं कलम 7(9) आहे. ते फक्त माहितीचं स्वरूप बदलायची मुभा देतं, नाकारायची नाही. अशा वेळी गोषवाऱ्याची पाहणी मागा. पाहणीला जाताना सोबत फक्त पेन्सिल नेता येते, नियमच तसा आहे. मुलांची नावं असलेल्या मूळ नोंदवहीची पाहणी मात्र मागू नका.

"वैयक्तिक माहिती आहे." कलम 8(1)(ञ). डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर 2025 पासून हे कलम आणखी कडक झालं आहे, त्यामुळे हा नकार आता जास्त वेळा येणार. उत्तर सरळ आहे: एकूण संख्या ही कुणा व्यक्तीची माहिती नसते. शिवाय व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद असलेलं कलम 8(2) जागेवरच आहे.

"तपासात अडथळा येईल." निकाली निघालेल्या प्रकरणांच्या संख्येने कुठल्या तपासात अडथळा येतो, एवढंच अपिलात नम्रपणे विचारा. नकारातून अडथळा कसा येणार हे दाखवण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते.

पहिलं अपील जोडपत्र 'ब' मध्ये, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत. निर्णय तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे रांग लांब आहे, म्हणून पहिलं अपील जीव ओतून लिहा. दिवसाला 250 रुपये आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंडाची तरतूद कलम 20 मध्ये आहे, पण सुनावणीत तिच्यापासून सुरुवात करू नका. समोरचा अधिकारी बहुधा तीन पदांचा कार्यभार एकटा सांभाळत असतो.

एवढी खटपट फळाला येते का? नोव्हेंबर 2025 मध्ये इंडिया जस्टिस रिपोर्ट या न्यायव्यवस्थेचा लेखाजोखा मांडणाऱ्या उपक्रमाने देशभरात माहिती अधिकाराचे अर्ज करून 362 मंडळांचा हिशेब मांडला. ऑक्टोबर 2023 अखेर त्यांच्याकडची 55 टक्के प्रकरणं प्रलंबित होती. कायदा चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिने वाढवून, चौकशी संपवायला सांगतो.

आकडे हातात आल्यावर

आधी बेरीज तपासा. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक अधिक नवीन प्रकरणं, वजा निकाली, बरोबर वर्षअखेरची शिल्लक. आणि हीच शिल्लक पुढच्या वर्षीची सुरुवात. जुळत नसेल तर त्याच कागदाचा हवाला देऊन नवा अर्ज.

प्रकरणं आणि मुलं यांची गल्लत करू नका. एका प्रकरणात चार मुलं असू शकतात. एनसीआरबीच्या मोजणीत एका गुन्ह्यातलं सर्वांत गंभीर कलमच धरलं जातं, म्हणून पोलीस ठाण्याचा आकडा आणि अहवालातला आकडा जुळेलच असं नाही. पोलीस जानेवारी ते डिसेंबर मोजतात, महिला व बालविकासचे बरेच अहवाल एप्रिल ते मार्च असतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे त्या वर्षाचे तक्ते दोन भागांत मागा. 2020 आणि 2021 ही टाळेबंदीची वर्षं. त्यांच्याशी तुलना करून "मुलांची गुन्हेगारी वाढली" असा मथळा देणं म्हणजे वाचकाची दिशाभूल.

2023 मध्ये निकाली निघालेली प्रकरणं 2023 मध्येच आलेली नसतात. त्यामुळे "नोंदले 200, विशेष गृहात फक्त 6" अशी टक्केवारी काढू नका. ती मुलं कदाचित 2019 ची असतील.

आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी शेवटची एक चाळणी लावा. एखाद्या तालुक्यात वर्षभरात खुनाच्या आरोपाखाली एकच मुलगी असेल, तर तालुका, वर्ष, गुन्हा आणि लिंग या चार रकान्यांतून ती कोण हे गावाला लगेच कळतं. नाव छापलं नाही तरी ओळख उघड होतेच. मी पाचपेक्षा कमी संख्या असलेली कुठलीही चौकट "5 हून कमी" अशी लिहितो, आणि त्या चौकटीचा आकडा बेरजेतून काढता येऊ नये म्हणून शेजारची एक चौकटही झाकतो. जिल्ह्याच्या पातळीवर एकत्र केलं तर बहुतेक वेळा हा प्रश्नच उरत नाही.

त्या निवृत्त शिक्षकांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर चौदा महिन्यांनी मिळालं, एका वर्षाचं, एका पानावर. ते आता दर तिमाहीचं विवरणपत्र मागतात. पुढचा अर्ज कधी करायचा ते त्यांनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवलं आहे: 15 एप्रिल, 15 जुलै, 15 ऑक्टोबर, 15 जानेवारी.